संघनायक म्हणजे मॉनिटर नव्हे: स्काऊट पथकात मुलांच्या हातात नेमकं काय असतं?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचा डेटा पॅक संपलाय, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना मी शंभर वेळा 'म्हणजे' म्हणतो, ते तेवढे कमी केलेत. बाकी जसं बोललो तसंच.

मागच्या आठवड्यात नववीतल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. "दादा, सरांनी मला स्काऊटमध्ये संघनायक केलंय. खिशावर दोन पट्ट्या मिळाल्या. पण करायचं काय ते कुणी सांगितलंच नाही. आणि पोरं माझं ऐकत नाहीत." प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर बऱ्याच मोठ्यांनाही धड देता येत नाही. म्हणून आजचा अख्खा भाग त्यावरच.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. स्काऊटच्या मोठ्या गटाला आपण पथक म्हणतो, इंग्रजीत ट्रूप. पथकाचे छोटे छोटे गट असतात, ते संघ. इंग्रजीत पेट्रोल. हो, गाडीत टाकतो त्या पेट्रोलसारखंच ऐकू येतं, आणि 'पेट्रोल लीडर' म्हटलं की घरचे विचारतात, पंपावर नोकरी लागली का? पण हे पेट्रोल म्हणजे गस्तीची तुकडी. एका संघात साधारण सहा ते आठ मुलं. त्यांच्यातलाच एक संघनायक आणि एक त्याचा उपनायक. सगळ्या पथकाचा मिळून एक ट्रूप लीडर, तोही मुलांपैकीच. आणि मोठ्यांपैकी स्काऊट मास्तर, म्हणजे बहुतेक शाळांमध्ये आपले सर. मुलींच्या गाईड पथकात मॅडम असतात आणि रचना जवळपास हीच.

आता सांगा, सहा ते आठच का? वीस का नाहीत? कारण सहा-सात जणांची नावं, घरं, सवयी, भीती चौदा वर्षांच्या मुलाला लक्षात ठेवता येतात. वीस जणांची नाही. वीस जण झाले की त्याला ओरडावं लागतं, आणि ओरडायला लागला की तो पुढारी राहत नाही, भोंगा होतो. सगळी संघपद्धत या साध्या हिशोबावर उभी आहे.

ही पद्धत आली कुठून, ते थोडक्यात सांगतो. १८९९ च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत मॅफेकिंग नावाच्या गावाला बोअर फौजेने वेढा घातला. आत ब्रिटिश फौजेचा अधिकारी होता रॉबर्ट बेडन-पॉवेल. वेढा २१७ दिवस चालला. लढायला माणसं कमी, म्हणून गावातल्या गोऱ्या मुलांची एक तुकडी केली. निरोप पोचवणं, टेहळणी करणं ही कामं त्यांना दिली. आधी गाढवांवरून, पुढे सायकलवरून ही पोरं निरोप न्यायची. त्यांचा सार्जंट-मेजर होता वॉर्नर गुडइयर, तोही त्यांच्यासारखाच शाळकरी वयाचा. बेडन-पॉवेलच्या डोक्यात तिथे एक गोष्ट पक्की बसली: खरं काम दिलं तर मुलं खरी जबाबदारी घेतात. त्याच वेढ्यात तिथल्या आफ्रिकी लोकांनी भयंकर उपासमार सोसली. तो कडू भाग या गोष्टीत सहसा सांगितला जात नाही, म्हणून इथे सांगून ठेवतो.

मग १९०७ चा ऑगस्ट. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ब्राउनसी नावाचं छोटं बेट. बेडन-पॉवेलने तिथे जेमतेम वीस मुलांचं शिबिर घेतलं. काही मुलं ईटन-हॅरोसारख्या श्रीमंतांच्या शाळांतली, तर काही साध्या कामकरी घरांतली. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही दोन जगं एका तंबूत झोपणं म्हणजे नवलच. त्याने मुलांचे चार संघ केले: लांडगा, कावळ्याच्या जातीचा रेव्हन, बैल आणि कर्ल्यू नावाचा पाणपक्षी. ओळखायला प्रत्येकाच्या खांद्यावर वेगळ्या रंगाच्या लोकरीचा झुपका. आणि प्रत्येक संघाचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा. आपल्या संघाच्या वागण्याची जबाबदारी त्याच्यावर, तंबूतही आणि मैदानातही. स्काऊटिंगची अधिकृत सुरुवात, पुस्तक, गणवेश हे सगळं त्यानंतर आलं. संघ आधी, बाकी नंतर.

मुलींची गोष्ट तर मला याहून आवडते. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊट मुलांचा मोठा मेळावा भरला. तिथे काही मुली स्वतःच गणवेश जमवून, स्वतःच संघ करून हजर! म्हणाल्या, आम्ही गर्ल स्काऊट. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी परवानगी दिली नव्हती. पुढच्याच वर्षी मुलींसाठी गर्ल गाईड ही वेगळी संघटना निघाली, आणि १९११ मध्ये आपल्याकडे जबलपूरला गाईडचं पहिलं पथक सुरू झालं.

भारतात मुलांचं स्काऊटिंग १९०९ मध्ये बंगळुरूला सुरू झालं, पण ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. भारतीय मुलांना दार बंद. शिस्तीत चालणारी, नकाशा वाचणारी, आपला पुढारी आपल्यातून उभा करणारी भारतीय पोरं गोऱ्या सरकारला कशी परवडतील? म्हणून ॲनी बेझंट यांनी मद्रासला आणि पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी यांनी उत्तरेत भारतीय मुलांसाठी वेगळ्या संघटना काढल्या. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० ला, देशातल्या स्काऊट संघटना एकत्र आल्या आणि गाईडही मिळाल्यावर आजची भारत स्काऊट्स आणि गाईड्स झाली. सांगायचा मुद्दा असा की पुढारपण कुणाच्या हातात द्यायचं, हा प्रश्न या चळवळीत पहिल्यापासून आहे. आणि तो आजही तुमच्या शाळेच्या मैदानावर आहे.

आता मुद्द्यावर येतो. संघनायकाचं काम काय?

आपल्याला शाळेत पुढारपणाचा एकच नमुना ठाऊक असतो, तो म्हणजे मॉनिटर. बाई बाहेर गेल्या की फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायची. नावापुढे गुणिलेच्या फुल्या वाढवत जायच्या. मॉनिटरकडे जी ताकद असते ती बाईंची, उसनी. बाई आल्या की ती संपते. आणि तो उत्तर देतो वर, बाईंना.

संघनायकाचं उलट आहे. त्याला उत्तर द्यायचं असतं आपल्या सहा जणांना. शिबिरात संध्याकाळी खिचडी करपली, तर सर विचारतील, "तुमच्या संघाचं काय झालं?" तेव्हा "सर, चूल याच्याकडे होती" असं म्हणणारा मॉनिटर. आणि "सर, आमची करपली, अर्ध्या तासात दुसरी टाकतो" म्हणणारा संघनायक. फरक एवढाच, पण सगळा त्यातच आला.

एक गंमत सांगतो. स्काऊटमध्ये शिट्टीचे इशारे ठरलेले असतात. एक लांब शिट्टी म्हणजे शांत, पुढच्या सूचनेकडे लक्ष. भराभर छोट्या शिट्ट्या म्हणजे एकत्र जमा. आणि तीन छोट्या नि एक लांब म्हणजे फक्त संघनायकांनी या. बघा, यासाठी वेगळा इशारा आहे! म्हणजे सरांनी बत्तीस मुलांना ओरडून सांगायचंच नाही. चार जणांना जवळ बोलवायचं, काय करायचंय ते सांगायचं, आणि त्या चौघांनी आपापल्या संघाकडे जाऊन ते करून घ्यायचं. ज्या पथकात हा इशारा वर्षभरात एकदाही वाजत नाही, तिथे संघनायक फक्त कागदावर आहेत असं खुशाल समजा.

उपनायकाकडे लोक दुर्लक्ष करतात. मी स्वतः आठवीत उपनायक होतो, त्यामुळे थोडा पक्षपात होईल. नायक पुढे असतो तेव्हा उपनायक शेवटी चालतो. ट्रेकला जो मागे पडलाय, ज्याच्या बुटाची लेस सुटलीय, ज्याला पाणी हवंय पण मागायची लाज वाटतेय, तो दिसतो उपनायकाला. आमच्या एका शिबिरात एक मुलगा पांघरूण न घेताच आला होता. घरी नव्हतंच जादाचं. माझ्या नजरेस आलं, मी नायकाच्या कानात सांगितलं. त्याने काही जाहीर न करता दोन सतरंज्या जोडल्या आणि म्हणाला, "आज थंडी आहे, आपण तिघं एकत्र झोपू." कुणाला कळलंही नाही. नायक-उपनायक ही जोडी अशी चालावी.

बाकीच्या मुलांनाही कामं असतात, आणि ही गोष्ट विसरू नका. एकाकडे सामान: दोरी किती, पातेली किती, परत आली का. त्याला क्वार्टरमास्टर म्हणतात. एकाकडे पैशांचा हिशोब. एकाकडे संघाची वही: आज कोण आलं, काय ठरलं, काय झालं. एकाकडे प्रथमोपचाराची पेटी. सात जणांत सात कामं वाटली की "आम्ही काय करू?" म्हणत टवाळी करायला कुणी उरत नाही. आपल्या श्रोत्याची "पोरं ऐकत नाहीत" ही तक्रार आहे ना, तिचं अर्धं उत्तर इथे आहे. ज्याच्याकडे काम नाही तो ऐकेल कशाला?

ट्रूप लीडर हा सहसा जुना, अनुभवी संघनायक. त्याच्या खिशावर तीन पट्ट्या, संघनायकाच्या दोन, उपनायकाची एक. पण ट्रूप लीडरने थेट संघातल्या मुलांना हुकूम द्यायचे नाहीत. त्याचं काम संघनायकांना मदत करणं. नव्या नायकाला गाठ शिकवायला जमत नसेल तर सगळ्यांसमोर त्याच्या हातातली दोरी हिसकावून घ्यायची नाही, आदल्या दिवशी त्याला बाजूला घेऊन शिकवायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं: दोन बैठका. यांच्याशिवाय बाकी सगळं नुसतं नाटक.

पहिली, संघाची बैठक. सगळे सात-आठ जण आपल्या कोपऱ्यात गोल बसतात. पुढच्या महिन्यात काय करायचं, कुणाला काय जमत नाही, कुणाचं कुणाशी वाजलंय, ते बोलायचं. नायक ऐकतो आणि लिहून घेतो.

दुसरी, कोर्ट ऑफ ऑनर. नाव भारी आहे, पण ही काही शिक्षा देणारी कचेरी नव्हे. सगळे संघनायक आणि ट्रूप लीडर एकत्र बसून पथकाचे निर्णय घेतात: कार्यक्रम, खर्च, शिस्त, कुणाचं कौतुक करायचं. स्काऊट मास्तर तिथे असतात ते सल्ल्यापुरते. इथे झालेलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, हा नियम.

उदाहरण घेऊ. समजा सहलीची वर्गणी तीनशे रुपये ठरायची वेळ आली. मोर संघाच्या नायकाला माहीत आहे की त्याच्या दोन मुलांच्या घरी या महिन्यात तीनशे निघणार नाहीत. तो नावं न घेता म्हणतो, "माझ्या संघात दोघांना जमणार नाही." मग चौघं मिळून मार्ग काढतात. जवळचं ठिकाण निवडू, एसटीने जाऊ, शिधा घरून आणू, माणशी शंभरात बसवू. हा निर्णय सरांनी घेतला असता तर कदाचित लवकर झाला असता. पण त्या दोन मुलांची अडचण सरांपर्यंत पोचलीच नसती. ती मुलं "मला कंटाळा आलाय" म्हणून घरी राहिली असती. संघातून कोर्टात आणि कोर्टातून संघात बोलणं फिरत राहिलं, तरच कुणी गुपचूप गळत नाही.

मग सर करणार काय? तर त्यांचं काम सगळ्यात अवघड: गप्प बसणं. खिचडी करपताना दिसतेय तरी गप्प बसणं. पण सगळ्याच ठिकाणी नाही. पाणी, आग, औषधं, उंच कडे, रात्रीचा प्रवास, तिथे मोठ्यांचाच शब्द अखेरचा. आणि एक गोष्ट संघनायकांना ठासून सांगतो. तुमच्या संघातल्या कुणी सांगितलं की त्याला किंवा तिला कुणी त्रास देतंय, मारतंय, नको तिथे हात लावतंय, तर ते गुपित स्वतःकडे ठेवायचं नाही. "कुणाला सांगू नको" असं वचन मागितलं तरी द्यायचं नाही. विश्वासाच्या मोठ्या माणसाला लगेच सांगा. मुलांसाठी १०९८ ही मोफत हेल्पलाइन आहे, तो नंबर पाठ करून ठेवा. हे ओझं चौदा वर्षांच्या मुलाने एकट्याने वाहायचं नसतं.

बरेचदा हे सगळं बिघडतं कुठे, तेही बोलू. काही शाळांत स्काऊट म्हणजे १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीचं संचलन, आणि दहावीच्या वाढीव गुणांसाठी राज्य पुरस्कार, राष्ट्रपती पुरस्काराची फाइल. प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान अशा पायऱ्या वह्यांत भरल्या जातात. गुण मिळवण्यात वाईट काहीच नाही, मिळत असतील तर घ्या. पण संघनायक म्हणून तुम्ही एकही निर्णय घेतला नसेल, एकही चूक स्वतः निस्तरली नसेल, तर प्रमाणपत्रावर जे लिहिलंय ते तुमच्याकडे नाही. उद्या कुणी मुलाखतीत विचारलं, "नेतृत्व केलंय म्हणता, सांगा एखादा प्रसंग," तर काय सांगाल? सर म्हणाले तसं उभे राहिलो?

संघनायक असणं म्हणजे काय, याची मला आवडलेली एक खरी गोष्ट. १९२१ मध्ये अंटार्क्टिकाकडे निघालेल्या अर्नेस्ट शॅकलटनने आपल्या 'क्वेस्ट' जहाजावर स्काऊट न्यायचं ठरवलं. सुमारे १७०० अर्ज आले. त्यातून दोघं निवडले, स्कॉटलंडचे जेम्स मार आणि नॉर्मन मूनी. दोघंही पेट्रोल लीडर. आता वाटेल, गेले आणि झेंडे रोवले. तसं नाही. जहाजावर वाट्याला आलं स्वयंपाकघरातलं काम आणि कोळसा ओढणं. मूनीला बोट इतकी लागली की त्याला मदेरा बेटावरून परत जावं लागलं. मार मात्र टिकला. जानेवारी १९२२ मध्ये शॅकलटन वाटेतच वारला, तरी मोहीम पुढे गेली आणि मारही तिच्यासोबत गेला. पुढे तो समुद्री जीवांचा अभ्यासक झाला आणि दुसऱ्या महायुद्धात अंटार्क्टिकातल्या एका ब्रिटिश मोहिमेचा प्रमुखही. त्याची सुरुवात कोळशाच्या टोपलीपासून झाली, हे लक्षात ठेवा. आणि मूनी परतला म्हणून तो कमी ठरत नाही. शरीर नाही म्हणत असताना थांबणं, यालाही अक्कल लागते.

तर नव्या नायक-नायिकांनो, पहिल्या महिन्यात करायच्या चार गोष्टी. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एक. आपल्या सहा-सात जणांशी एकेकट्याने दहा मिनिटं बोला. घर कुठे, काय छान जमतं, कशाची भीती वाटते. सगळ्यांसमोर नाही, एकेकट्याने.

दोन. प्रत्येकाला एक काम द्या, आणि दिल्यावर त्यात नाक खुपसू नका. तो दोरी तुमच्यापेक्षा वाईट गुंडाळेल. गुंडाळू दे. दुसऱ्यांदा बरी गुंडाळेल.

तीन. सगळ्यात कंटाळवाणं काम पहिल्या दिवशी स्वतः घ्या. शिबिरात पातेली घासायची पहिली पाळी नायकाची. दुसऱ्या दिवशी पाळीचा तक्ता लावलात की कुणी कुरकुर करणार नाही. केली तरी हळू करेल.

चार. कोर्ट ऑफ ऑनरची बैठक होत नसेल, तर सरांकडे किंवा मॅडमकडे जाऊन मागा. भांडून नाही. "सर, आम्ही चौघं शनिवारी वीस मिनिटं बसू का? पुढच्या शिबिराची यादी आम्ही करून आणतो." बहुतेक सर हो म्हणतात, कारण त्यांचंही एक काम कमी होतं. आणि यादी खरंच करून न्या. तयारी करून गेलात की पुढच्या वेळी तुम्हालाच विचारलं जातं.

जे स्काऊटमध्ये नाहीत त्यांनीही हे फुकट घ्या. ढोल-ताशा पथक असो, गणेश मंडळ असो, कॉलेजचं गॅदरिंग असो, सगळीकडे तीस पोरं नि एक ओरडणारा दादा हेच दिसतं. पुढच्या वेळी सात-सात जणांचे गट पाडून बघा, प्रत्येकाचा एक नायक, नायकांची आठवड्याला एक बैठक. दादाचा घसा वाचेल.

आज एवढंच. तुमच्या पथकात शेवटचा निर्णय मुलांनी कधी आणि कोणता घेतला, ते व्हॉइस मेसेज करून सांगा. एक मिनिटाच्या आत, प्लीज. चांगले मेसेज पुढच्या भागात ऐकवीन. आणि हा भाग तुमच्या स्काऊट मास्तरांना फॉरवर्ड करा. गप्प बसण्याबद्दलचा तुकडा त्यांच्यासाठीच होता. भेटू पुढच्या रविवारी. तयार राहा!